तीन नळ्या, एक आडनाव

लेकीने प्लास्टिकच्या नळ्या टेबलावर ठेवल्या आणि बजावलं, "पप्पा, थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. चूळसुद्धा भरायची नाही. या रेघेपर्यंत भरा आणि झाकण लावा." एवढं सांगून ती पुण्याहून आलेली, दमलेली, आत जाऊन पडली.

मी घड्याळ समोर ठेवून बसलो. नियमाचा माणूस आहे मी. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. चलनाशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा आत येत नाही. बरोबर अर्धा तास झाला तशी नळी तोंडाशी धरली, आणि तोंड कोरडं ठाक. एरवी बायकोने स्वयंपाकघरातून सुकट भाजायला घेतली की मला बोलताना रुमाल धरावा लागतो, आणि त्या दिवशी थेंब येईना. पाच मिनिटं नुसता जबडा हलवत बसलो. मग मला अक्कल सुचली. फडताळातल्या बरणीत चिंचेचा गोळा होता. त्यातला बोराएवढा तुकडा जिभेखाली ठेवला. दोन मिनिटांत नळी रेघेच्या वर गेली.

लेक उठून आली. तिने नळी उजेडात धरली.

"हे असं चहासारखं का दिसतंय?"

"जरा चिंच..."

"पप्पा, मला तुमचा क्रोमोसोम वाचायचाय. चिंचेचा नाही."

ती नळी केराच्या डब्यात गेली. नशिबाने तिने एक जास्तीची आणली होती. ती मी तिच्या समोर बसून, शाळेत पट्टी हातावर घेताना बसायचो तसा बसून भरली.

आता ही थुंकाथुंकी कशासाठी, ते सांगतो.

आमची लेक पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या पेशीत जी गुणसूत्रं असतात, ती अक्षर अक्षर वाचायची आणि एकाची दुसऱ्याशी ताडून बघायची, हे तिचं काम. तिच्या कॉलेजात एक मुलगा होता. पाच-सहा वर्षं ती दोघं एकमेकांना ओळखत होती हे आम्हाला नंतर कळलं. मुलगा खालापूरकडच्या एका कंपनीत इंजिनिअर. वडिलांचं खोपोलीतल्याच शिळफाट्याला जळलेल्या मोटरी तार गुंडाळून पुन्हा भरायचं दुकान. आमच्या इमारतीच्या पंपाची मोटर जळली होती तेव्हा त्यांनीच भरून दिली होती, आणि ती अजून चालतेय. माणसं आमच्यातलीच. घर चांगलं, मुलगा चांगला. अडचण एकच, की त्यांचं आडनाव आणि आमचं आडनाव एकच. बायको आधी खूश झाली. म्हणाली, आधार कार्ड बदलायला नको.

आडनाव एक असलं म्हणून बिघडत नाही. आमच्या दोन तालुक्यांत या आडनावाची कितीतरी घरं आहेत आणि त्यांची आपसांत लग्नंही होतात. बघायचं एवढंच असतं, की ती भाऊबंद आहेत का. भाऊबंद म्हणजे एका पुरुषापासून फुटलेली घरं. त्यांच्यातल्या मुलामुलींचं लग्न म्हणजे भावाबहिणीचं लग्न. आणि शिळफाट्याच्या या घराबद्दल आमच्या गावात एक जुनी गोष्ट सांगत. आमचं गाव कडावजवळ. फार मागे आमच्या घरातल्या दोन भावांचं भांडण झालं, आणि एक भाऊ रागाने निघून पार घाटाच्या पायथ्याला, खोपोलीकडे जाऊन राहिला. भांडण कशावरून झालं ते कुणाला विचारता त्यावर आहे. कुणी बैलावरून म्हणतं, कुणी बांधावरच्या आंब्यावरून. माझी आत्या म्हणायची बायकोवरून, पण बायको कुणाची ते सांगत नसे.

गोष्ट खरी की खोटी, कुणाला माहीत नव्हतं. पण ती खरीच आहे असं मानणारा एक माणूस होता आणि तोच नेमका महत्त्वाचा होता. आमचे थोरले काका.

काका माझ्या वडिलांचे चुलत-चुलतभाऊ. वय ऐंशीच्या पुढे, कण्यात वाक नाही. भावकीत चाळीसेक घरं. लग्न असो की मयत, काकांशिवाय पान हलत नाही. भावकीतलं कुणी गेलं की डोकं भादरायला पहिले काका बसणार. कुणाच्या घरी मूल झालं की सोयर कधी फिटलं हे काका सांगणार. मी कारखान्यातून रजा मिळत नाही म्हणून थेट दहाव्याला पोचलो, तर चार माणसांत माझी कानउघाडणी काकाच करणार. माझे वडील गेल्यानंतर लेकीला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनीच सांभाळलं. ती त्यांना आजोबाच म्हणते. चुलत वगैरे तिच्या डोक्यात नाही.

काकांनी सरळ सांगितलं, "ती आपली भाऊबंद हायती. लगीन होणार नाय. केलात तर मी मांडवात येणार नाय."

काका नाहीत म्हणजे भावकी नाही. पण लेकीला भावकीचं काही नव्हतं. ती आईला एवढंच म्हणाली, "लग्न मी करणारच आहे. पण आजोबा नसतील तर कोर्टात सही करून येईन, आणि परत गावाला जाणार नाही." हे बोलताना ती रडली नाही, त्यामुळे बायको जास्त घाबरली.

मग लेकीनेच मार्ग काढला. तिच्या प्रयोगशाळेत नवीन मशीन आलं होतं, त्याच्या चाचणीसाठी नमुने हवेच होते. तिने आपल्या वरच्या बाईंची रीतसर परवानगी घेतली, संमतीचे फॉर्म आणले आणि आम्हाला दोघांना घेऊन कडावला गेली.

काका ओटीवर बसले होते. लेकीने त्यांच्यापुढे बैठक मारली.

"आजोबा, माणसात एक क्रोमोसोम असतो, त्याला वाय म्हणतात. तो फक्त पुरुषांत असतो. बापाकडून मुलाकडे, त्या मुलाकडून त्याच्या मुलाकडे. मध्ये आईचं काही मिसळत नाही. जवळजवळ जसाच्या तसा खाली येतो."

"जवळजवळ म्हंजे?"

"पाच-सहा कोटी अक्षरं असतात त्यात. नक्कल होताना काही पिढ्यांत एखादं अक्षर चुकतं. चुकलं की ती चूक पुढच्या सगळ्यांत उतरते. तुमची भजनाची वही आहे ना, तसं."

आमच्या गावच्या भजनी मंडळाची मूळ वही काकांकडे असते आणि बाकीच्यांनी ती हाताने उतरवून घेतलेली असते. सातवीत असताना मीही एक वही उतरवली होती. माझं लक्ष बाहेर विटीदांडूकडे. एका भजनाचा एक अख्खा चरण मी गाळला आणि दुसरीकडे एक ओळ दोनदा लिहिली. माझ्या वहीवरून पलीकडच्या वाडीतल्यांनी त्यांची वही केली. त्या वाडीत आजही तो चरण म्हणत नाहीत, आणि आमचे लोक म्हणतात, त्यांना भजन येत नाही.

काकांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हंजे चुका बघून वळखायचं, कुठली वही कुठल्या वहीवरून निघाली."

"अगदी तेच! ज्या दोन वह्यांत त्याच चुका, त्या एका घरच्या. मशीन सगळं एकदम वाचत नाही. बारीक बारीक तुकडे करून वाचतं. मग कॉम्प्युटर त्या तुकड्यांची टोकं जुळवून पुन्हा वही लावतो. काही पानांवर तीच तीच ओळ असते, ध्रुपदासारखी, तिथं गोंधळ होतो. ती पानं आपण सोडून देऊ. बाकीचं ताडून बघू."

"ह्याची वही असंल तर लगेच कळंल," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी हसलो. काय करणार.

लेकीने बेत सांगितला. एक नमुना शिळफाट्याचा, मुलाच्या वडिलांचा. एक काकांचा. आणि एक माझा.

"ह्याचा कशाला?" काका म्हणाले.

"मापाला, आजोबा. तुमचं आणि पप्पांचं नातं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तुमचे दोघांचे वाय जुळले म्हणजे माझं काम बरोबर झालं असं समजायचं. मग शिळफाट्याचा त्यांच्याशी ताडायचा."

खरं तर ही सूचना तिला मीच केली होती. भावकीतलं माप म्हणून काकांपेक्षा अस्सल कोण, असं मी म्हटलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो.

काकांनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्यात जमिनीचं काय नाय ना?" आमच्या तालुक्यात सही म्हटली की माणसाला आधी सातबारा आठवतो. लेकीने त्यांना अख्खा फॉर्म वाचून दाखवला. प्रत्येकाचा निकाल प्रत्येकाला, आणि ज्याचा निकाल त्याला विचारल्याशिवाय तो दुसऱ्याला सांगायचा नाही, असं त्यात होतं. काकांनी सही केली, सावकाश, सातबारावर करावी तशी. मग मला म्हणाले, "ऐक. माझा नि त्यांचा जुळला, तर लगीन नाय. नाय जुळला, तर साखरपुड्याचा पयला नारळ माझा."

"कबूल," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हटलं.

काकांनी नळी एका दमात भरून दिली. चिंचबिंच काही लागली नाही.

महिनाभराने, एका शनिवारी, लेक घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, खरं सांगा. नळ्यांची अदलाबदल केलीत?"

माझा इतका अपमान कुणी केल्याचं मला आठवत नाही. नळ्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या. चिठ्ठी लावणं ही या जगात मला नीट येणारी एकमेव गोष्ट आहे. सव्वीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये चिठ्ठी चुकलेली नाही. मी तसं सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी स्वतः कडावला जाऊन काकांची नवी नळी भरून घेतली, शिळफाट्याला जाऊन दुसरी. माझीही पुन्हा घेतली, समोर बसून. पुन्हा सगळं वाचलं. निकाल तोच आला.

तो तिने आधी आईला आणि मला सांगितला नाही. शिळफाट्याला मुलाच्या वडिलांना भेटली, मग मला विचारलं, "तुमचा आणि त्यांचा निकाल एकत्र ऐकायचा का? त्यांची हरकत नाही." मी हो म्हटलं.

"तुमचा आणि त्यांचा वाय जुळतो. फरक अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आठ-दहा पिढ्यांमागे, थोडं इकडे नाहीतर तिकडे, दोघांचा बाप एक होता."

म्हणजे गोष्ट खरी होती. बैल असो, आंबा असो, आत्या म्हणायची ते असो. बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि काकांचा?" मी विचारलं.

"तो त्यांचा निकाल आहे, पप्पा. त्यांना विचारल्याशिवाय नाही सांगणार."

आता मी अगदीच ढ नाही. माझा शिळफाट्याशी जुळला. माझा आणि काकांचा जुळणारच. मग सांगायला काय हरकत होती? आणि माझ्यावर नळ्या बदलल्याचा आळ का आला होता? मी लेकीच्या तोंडाकडे बघितलं, तिने मान वळवली, आणि मला कळलं. काकांचा माझ्याशी जुळत नव्हता.

खोटं कशाला सांगू, पुढच्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं ते हेच, की मग काम झालं की! काकांची अट काय होती? त्यांचा स्वतःचा नि शिळफाट्याचा जुळला तर लग्न नाही. काकांचा आणि शिळफाट्याचा जुळत नाही. बास. एवढंच सांगायचं. त्यात खोटं एक अक्षर नाही.

मी तसं बोलून दाखवलं. लेक म्हणाली, "अर्धं सांगून मी आजोबांकडून नारळ घेणार नाही."

"पण पुरतं सांगितलंस तर दोन्हीकडून मार आहे! भाऊबंद निघालो म्हणून लग्न मोडेल, आणि म्हातारा या वयात..." ज्या माणसाने आयुष्यभर भावकी भावकी केलं, त्याला जाऊन सांगायचं, की काका, मशीन म्हणतं तुम्ही आमचे नाही.

बायकोचं माहेर कशेळ्याकडे. ती फार बोलत नाही. "पोरीचं बरोबर हाय," म्हणाली. "म्हातारबाला आधी विचारा, ऐकायचंय का. नको म्हनले तर परत या. लगीन ऱ्हायलं तरी चालंल, पन त्यांना फसवून नको."

रविवारी सकाळी स्कूटरवरून लेक आणि मी निघालो. पळसदरीपर्यंत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं, कर्जतला ते विसरलो, कडावपर्यंत नवीन केलं.

काका अंगणात वाल निवडत बसले होते. पुढ्यात सूप. मी भाषण सुरू केलं. विज्ञान किती पुढे गेलंय, मशीन कितीही झालं तरी मशीनच, माणसाची खरी किंमत, वगैरे.

"ह्याला काय झालं?" काकांनी लेकीला विचारलं.

"आजोबा, तुमच्या तपासणीत एक गोष्ट निघालीय. ऐकायची आहे का? नको असेल तर हा कागद मी इथंच फाडते."

"फाडतीस कशाला? वाच."

"पप्पांसमोर वाचू?"

"तो काय परका हाय काय?"

लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं. "तुमचा आणि पप्पांचा वाय जुळत नाही, आजोबा. शेकड्यांनी फरक आहेत. दोन वह्या वेगळ्याच घरच्या आहेत."

काकांनी सुपातला एक किडका वाल उचलून बाजूला टाकला. दुसरा उचलला. मग म्हणाले, "म्हंजे मशीनला पटलं नाय."

"काय पटलं नाही?" मी विचारलं.

"अरं, माझा बाप दत्तक व्हता. तुज्या पणजाचा भाऊ, त्याला पोर नाय. बायकोच्या म्हायेरचं पोर आनलं, तीन वर्साचं. होम केला, मांडीवर घेतलं, भावकीला जेवान घातलं. कागद हाय पेटीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुज्या बापाला सगळं म्हायती व्हतं."

"मला कुणी बोललं नाही कधी."

"तू कवा इचारलंस? तू येतोस दहाव्याला, जातोस तेराव्याला."

मी स्कूटरची किल्ली या खिशातून त्या खिशात घातली.

"मग आजोबा, नळी का दिलीत?" लेकीने हळूच विचारलं. "तुम्हाला माहीत होतं तर?"

काका थोडे ओशाळले. त्यांना ओशाळलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "माजा बाप म्हनायचा, होम झाला की रक्त बदलतं. गोत्र बदलतं, तसं रक्त बी. मला वाटलं, बघू तरी. एवडं मोठं मशीन हाय, त्याला काय दिसतंय." ते पुन्हा वाल निवडायला लागले. "नाय बदलत म्हनायचं."

लेक उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. सुपातले वाल तीही निवडू लागली. थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "ह्यो जो माज्यात हाय, तो कुनाचा? कुठल्या घरचा, ते सांगतो काय?"

"नाही सांगत. त्यासाठी तिकडच्या गावातल्या कुणाची तरी नळी घ्यावी लागेल. घेऊ का?"

काकांनी खरंच विचार केला. "नको," म्हणाले. "तिकडं मी सुतक कुनाचं धरलंय?"

बोलता बोलता त्यांचा हात सुपातच राहिला. मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाले, "नि शिळफाट्याचं काय निघालं?"

टाळण्यात अर्थ नव्हता. "माझा आणि त्यांचा जुळतो, काका. आठ-दहा पिढ्यांमागे एकच बाप."

"मी म्हनत नव्हतो!" काकांनी मांडीवर थाप मारली. सुपातले चार वाल उडाले. "दोन भाऊ व्हते! आंब्यावरनं झालं भांडान!"

"हो. तुमचंच खरं निघालं."

त्यांचा आनंद मात्र फार टिकला नाही. त्यांच्या तोंडावर मला तो जाताना दिसला. मी गप्प बसलो, आणि त्या दिवसभरात मी केलेलं शहाणपणाचं काम ते एवढंच. मग ते लेकीला म्हणाले, "बाय, तुजं मशीन धरलं तर ती मान्सं ह्याची भाऊबंद, नि मी कुनीच नाय."

"मशीन तेवढंच बघतं, आजोबा."

"तुज्या आज्याच्या वेळंला मी डोकं भादरून घेतलं. तेरा दिस पाळलं. ह्याच्या आयशीचं पाळलं." ते बोटं दुमडत मोजायला लागले. कोण कोण गेलं, कुणाच्या वेळी पेरणी चालू होती, कुणाच्या वेळी त्यांना ताप होता तरी ते नदीवर गेले. यादी लांबली. मी त्यातल्या निम्म्यांना पोचलो नव्हतो हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यांच्याही आलं असावं, पण ते बोलले नाहीत. "शिळफाट्यावाल्यांनी आपलं कुनाचं पाळलं? एकाचं नाय. आपन त्यांचं पाळलं? माज्या बापाच्या वेळंपासनं नाय. सोयर नाय, सुतक नाय. देवाच्या जेवनाला एक मानूस आला नाय कदी. ती कसली भाऊबंद?"

"म्हणजे?" मी म्हटलं. मला खरंच कळलं नव्हतं. लेकीला कळलं होतं. ती खाली मान घालून वाल निवडत होती, भराभर, किडके आणि चांगले एकाच ढिगात.

"म्हंजे काय, म्हंजे काय? डोस्क्यात काय कागद भरलाय काय तुज्या?" काका खेकसले. "भाऊबंद मी हाय. ती पावनी हायती. तारीक काडा."

मी म्हटलं, "पण काका, तुमची अट..."

लेकीने मला कोपर मारलं.

त्या महिन्यात भावकी जमली तेव्हा काकांनी स्वतःच सगळं सांगितलं, दत्तकाच्या कागदासकट. मला वाटलं आता गलका होईल. तसं काही झालं नाही. वयस्कर माणसांपैकी अर्ध्यांना ते आधीच माहीत होतं आणि उरलेल्यांना वाटत होतं की इतरांना माहीत आहे. एकाने मला विचारलं, "तुला नव्हतं म्हायती?" शिळफाट्याच्या घराबद्दल एकदोघांनी कुरकुर केली. काकांनी त्यांना विचारलं, तुमच्यातलं कोण त्यांच्या कुठल्या मयताला गेलं होतं सांगा. कुणी गेलेलं नव्हतं. साखरपुडा ठरला. नारळ काकांचा.

पण ते पुढचं. त्या रविवारी कडावहून आम्ही घरी आलो तेव्हा बायको भाकऱ्या थापत होती. लेक मुलाला फोन करायला गच्चीवर पळाली. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेतलं आणि बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. भजनाच्या वह्यांपासून सुपातल्या वालापर्यंत. काकांच्या बोलण्यातली माझ्यावरची वाक्यं तेवढी गाळली. सांगता सांगता मला जरा स्फुरण चढलं असावं, कारण तीन पुरुषांचा वाय, पाच-सहा कोटी अक्षरं, आठ-दहा पिढ्या, असं मी हातवारे करत तिला पुन्हा समजावायला लागलो.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तो वाय निसता पुरुषांतच असतो म्हनलात ना?"

"फक्त पुरुषांत. बाईत नसतोच. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"मग आपल्या पोरीत नाय."

"नाही. तिच्यात कसा असेल?"

बायकोने पिठाचे हात परातीत झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे लगीन पोरीचं, नि दोन दोन येळा तुमी तिगं बाप्ये थुकलात, पुन्याच्या मशीनला कामाला लावलंत, म्हाताऱ्याचा जीव टांगलात, नि जे मोजलंत ते पोरीत नायच. तिच्यातलं अर्दं माज्याकडनं आलंय, कशेळ्याचं. त्याचं मला कुनी एका शब्दानं इचारलं नाय. बरं केलंत. आता तिच्या व्हनाऱ्या सासूला फोन करायचाय, तिलाबी कुनी काय इचारलं नसंल. तुमी नका करू. मी करते."